अलॉटमेंट सोडून परसात भाजी: कॉव्हेंट्रीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका ताईंकडे आठ वर्षांपासून अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, अर्धा प्लॉट आहे, साधारण १२५ चौरस मीटर. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिथं जायला बसने पाऊण तास लागतो. जुलैत तीन आठवडे जाणं झालं नाही, तर गवत कमरेला लागलं आणि अलॉटमेंटचा कारभार बघणाऱ्या समितीचं तंबीचं पत्र आलं. १ ऑक्टोबरला नव्या वर्षाचं भाडं भरायचंय. घराच्या उत्तरेला, मागच्या बाजूला, फरशी घातलेलं अंगण आहे, पाच मीटर रुंद आणि सात मीटर लांब. त्या विचारतात: प्लॉट सोडावा का? आठ वर्षं शेणखत घालून कमावलेली माती घरी आणावी का? आणि एवढ्याशा जागेत घराला पुरेल इतकी भाजी होईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, पुरणार नाही. पस्तीस चौरस मीटरच्या फरशीवर घरचा कांदा-बटाटा पिकवायचा विचारच सोडून द्या. पण एवढं वाचून प्लॉटला चिकटूनही राहू नका. मी सतरा वर्षं प्लॉट केला, त्यातली सहा समितीत होते, आणि पाच वर्षांपूर्वी सोडला. घरी आल्यावरचं पहिलं वर्ष मी वाया घालवलं ते एकाच चुकीपायी: प्लॉटच छोटा करून अंगणात मांडायला गेले. सहा कोबी, चार ब्रुसेल्स स्प्राउट, कांद्याची एक ओळ, एक लाल भोपळा. भोपळा जूनअखेर स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला, कोबीवर पांढऱ्या फुलपाखरांनी अंडी घातली आणि ऑक्टोबरपर्यंत हाताला लागले दोन गड्डे. त्याच उन्हाळ्यात उरलेली मेथी म्हणून एका फुटक्या टबात टाकली होती, ती मात्र आम्ही चारदा खाल्ली.

प्लॉट हे शेत आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. इथल्या १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंट गार्डनची व्याख्याच अशी आहे की चाळीस पोलांपर्यंतची, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटरपर्यंतची जमीन, जी मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायला कसली जाते. नेहमीचा पूर्ण प्लॉट दहा पोलांचा, जवळपास २५० चौरस मीटर. हे माप बटाटा, कांदा, कोबी, गाजर अशा मालाचं आहे: आठवड्यातून दोनदा जायचं, पिशव्या भरायच्या, घरी आणून साठवायचं. परस म्हणजे फोडणी तडतडत असताना पायात चपला सरकवून जाऊन यायची जागा. तिथं तेच लावायचं जे मूठभर लागतं, रोज लागतं, आणि दुकानातून आणलं की दुसऱ्या दिवशी माना टाकतं. पोतंभर लागणारं सगळं दुकानातून.

आता ऊन. तुम्ही प्रश्नात कोणत्या दिशेचं अंगण ते लिहिलंत म्हणून बरं, कारण सगळा खेळ तिथंच आहे. कॉव्हेंट्री ५२.४ अंश उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला ऐन मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३७-३८ अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ७१ अंशांवर असतो, म्हणून आपल्याला सावलीचा हिशेब करायची सवयच नसते. तुमच्या घराची मागची पागोळी जमिनीपासून पाच मीटरवर आहे असं धरलं, तर त्या दिवशी सावली साडेसहा मीटर पडते. म्हणजे अंगण संपलंच. एप्रिलच्या मध्याला ती साडेचार मीटरवर येते, आणि जूनच्या २१ ला सूर्य ६१ अंशांवर गेला की पावणेतीन मीटर. डिसेंबरात सूर्य १४ अंशांवर असतो. तेव्हा तुमच्या अंगणात दुपारचं ऊन पडणारच नाही, ते शेजाऱ्यांच्या छपरावर.

ह्याचा अर्थ सरळ आहे: लागवड घराला लागून नाही, अंगणाच्या पार टोकाला. तिथलं लाकडी कुंपण उत्तरेला आहे, त्याची सावली शेजारी पडते आणि त्याची आतली बाजू दक्षिणेला तोंड करून दिवसभर तापते. ती तुमची सोन्याची पट्टी. टोमॅटो, मिरची, घेवडा तिथंच. घराजवळची पहिली अडीच-तीन मीटर पुदिना, बसायची खुर्ची आणि पाण्याच्या पिंपाला द्या. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या अंगणात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन येतं. पालेभाजीला ते चालून जातं, टोमॅटोला नाही पुरत.

मातीबद्दल. आणू नका. आठ वर्षांची कमाई सोडताना पोटात कालवतं, मला माहीत आहे. मीही दोन बादल्या डिकीत टाकल्या होत्या, शेजारच्या प्लॉटवाल्याने उतरवायला लावल्या. त्याचं बरोबर होतं. कोबीवर्गाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट मातीत वीस वर्षांपर्यंत टिकून राहतो. कांदा-लसणाची पांढरी कूज, जिला इथं व्हाइट रॉट म्हणतात, तिचे मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे पंधरा-वीस वर्षं वाट बघत बसतात. अलॉटमेंटवर पिढ्यान् पिढ्या तीच पिकं होतात, शेजाऱ्यांचे बूट, फावडी इकडून तिकडे जातात; अशा जागी ह्यांतलं काहीच नाही असं छातीठोक सांगता येत नाही. वर बाइंडवीड आणि मेअर्स टेल ही चिवट तणं. बाइंडवीडच्या पांढऱ्या मुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आला तरी फरशीच्या फटींतून तो तुम्हाला आयुष्यभर भेटत राहील. अवजारं आणा, पण घासून धुऊन. बुटांचे तळवेसुद्धा.

मग घरी काय भरायचं? गुडघ्याचा विचार करून मी एकच उंच वाफा सुचवीन: २.४ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच. स्टुलावर बसून एका बाजूने हात पोचतो. खालच्या फरश्या उचलायला लावा, पाणी निचरायला हवं. आणि कुंपणाला चिकटवू नका, हातभर फट ठेवा, नाहीतर ओल धरून कुंपण कुजतं आणि ते नेमकं कुणाच्या मालकीचं ह्यावरून शेजाऱ्यांशी बोलणी सुरू होतात. ह्या वाफ्यात ८६४ लिटर माल मावतो. ५० लिटरच्या पिशव्या आणल्या तर अठरा, आणि त्या गुडघ्यावर अठरा पिशव्या उचलणं शहाणपणाचं नाही. माती आणि कंपोस्टचं मिश्रण मोठ्या पिशवीतून थेट घरपोच मागवा; तळाला फांद्या, जुनी पानं, उलटवलेलं गवत घातलंत तर विकतचं कमी लागतं. पहिल्या वर्षी सगळं वीतभर खाली बसतं. घाबरू नका, वरून भर घाला.

शेणखत विकत किंवा फुकट घेताना एक परीक्षा न चुकता करा. घोड्यांच्या चाऱ्यावर मारलेलं अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक जनावराच्या पोटातून जसंच्या तसं खतात येतं आणि टोमॅटो, बटाटा, शेंगावर्गीय पिकं वाकडीतिकडी करून टाकतं. पानं नेच्यासारखी मुडपतात. एका कुंडीत ते खत मिसळून चार-पाच ब्रॉड बीन लावा, दुसऱ्या कुंडीत साधं कंपोस्ट घालून तितकेच. तीन-चार आठवडे बघा. दोन्हीकडे सारखे सरळ वाढले तर खत चांगलं.

पीट, म्हणजे दलदलीतली सेंद्रिय माती, न घातलेल्या कंपोस्टची खोड वेगळीच: वरून कोरडं ठक्क दिसतं आणि खाली चिखल असतो. बोट खुपसून बघा किंवा कुंडी तिरपी करून वजन अजमावा, वरचा रंग बघून पाणी घालू नका. त्यातलं खत पाच-सहा आठवड्यांत संपतं, मग आठवड्याला एकदा पातळ खत. त्यासाठी प्लॉटवर कॉम्फ्री, म्हणजे पानांचं खत करायला लावतात ती वनस्पती, असेल तर तिचं एक मूळ स्वच्छ धुऊन आणा, पण बॉकिंग १४ जातीचं असल्याची खात्री असेल तरच. ती बी धरत नाही म्हणून पसरत नाही, बाकीच्या सगळीकडे उगवतात. पानं झाकणाच्या बादलीत कुजवून काळं पाणी दसपट पाण्यात. वास? आमच्या ह्यांनी बादली शेजाऱ्यांच्या कुंपणाकडून आपल्या बाजूला किमान सहा हात सरकवायची अट घातली आहे.

आता मुख्य गोष्ट, काय लावायचं. मेथीपासून सुरू करा. किराणा दुकानातली साधी मेथी चालते, बियाण्याची पाकिटं घेऊन पैसे घालवू नका. रात्रभर भिजवा, पंधरा सेंटिमीटर खोल टबात दाट फेका, वर बोटभर माती. एप्रिलमध्ये हाताला यायला सहा आठवडे, जूनमध्ये चार. मी तीन टब दहा-दहा दिवसांच्या अंतराने फिरवते, मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आठवड्याला एक जुडी मिळते. शेपू इथल्या हवेत फार छान येतो, आपल्याकडच्यापेक्षा सावकाश आणि जास्त सुवासिक. लसणाची पात: सोलून राहिलेल्या बारीक पाकळ्या दाटीने खोचा, गड्ड्याची अपेक्षा ठेवू नका. हिवाळ्यात ऊन नसलं तरी लसणाला फिकीर नाही, त्याला थंडी हवी असते.

कोथिंबिरीवर मात्र जरा थांबते, कारण सगळे तिथंच रडतात. लोक उत्साहाने मेमध्ये पेरतात आणि वीतभर होते न होते तोच ती फुलावर येते. दोष तुमचा नाही. जूनमध्ये इथं पावणेसतरा तास सूर्य असतो; दिवस लांबले की कोथिंबीर आणि पालक दोघांनाही बी धरायची घाई होते. म्हणून पेरायचं एक तर मार्च-एप्रिलात, पण तुमच्या अंगणात तेव्हा ऊन कमी, किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात. शरदातली कोथिंबीर पानं धरून राहते, वर काच किंवा प्लास्टिक टाकलं तर सौम्य हिवाळ्यात नाताळलाही खुडता येते. धणे आधी लाटण्याने रगडून दोन फाकी करा, आजी करायची तसं. उन्हाळ्यात पालकाची जागा माठाला आणि चार्डला. लाल माठाला उबदार रात्री लागतात, जूनच्या आधी पेरून उपयोग नाही.

माझ्याकडच्या माठाचं बी जमैकातल्या एका आजोबांनी दिलेलं आहे. ते त्याला कलालू म्हणायचे, मी माठ, आणि आम्ही दोन उन्हाळे एकमेकांना आपापली भाजी समजावून सांगत होतो. मिडलंड्समधल्या अलॉटमेंटवर अशा बियांची केवढी देवघेव चालते हे जगाला उशिरा कळलं. कॉव्हेंट्रीजवळच्या राय्टनला असलेल्या गार्डन ऑरगॅनिक संस्थेने इथल्या स्थलांतरितांच्या पिकांवर एक प्रकल्पही केला होता. त्यांची हेरिटेज सीड लायब्ररी आहे, सभासद होऊन दर वर्षी दुकानात न मिळणाऱ्या जाती घेता येतात. आणि हो, प्लॉटवर लोक फॅट हेन म्हणून उपटून फेकतात ते आपलं चाकवत. जाण्यापूर्वी पाकीटभर बी गोळा करून ठेवा. फक्त वाफ्यात नको, टबातच पेरा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं काही दिसणार नाही.

टोमॅटो तीनच झाडं. प्रत्येकाला ३० लिटरचा डबा, एकच मुख्य खोड, बगलफुटी खुडत राहायच्या. रोपं मेच्या मध्याआधी बाहेर ठेवू नका, तोवर फ्रॉस्टची भीती असते. प्लॉटवर तुमचे टोमॅटो ऑगस्टमध्ये काळे पडून जात असतील, तो करपा. सलग दोन दिवस तापमान १० अंशांखाली गेलं नाही आणि रोज किमान सहा तास हवेत ९० टक्क्यांवर ओलावा राहिला की त्याला रान मोकळं; आजूबाजूच्या प्लॉटवर विसरून राहिलेले बटाटे त्याला घर पुरवतात. घरी हा धोका कमी होतो, कारण बटाट्याचं रान जवळ नाही आणि कुंपणावर पारदर्शक पत्र्याची छोटी पडवी काढून पानं कोरडी ठेवता येतात. तरी पहिल्या वर्षी क्रिमझन क्रश ही जात लावा, करप्याला सहजी दाद देत नाही. चव? बरी. सारासाठी उत्तम.

मिरची फेब्रुवारीत खिडकीत पेरायची, दहा लिटरच्या कुंडीत शेवट. हिवाळ्यात छाटून आत घेतली तर दुसऱ्या वर्षी महिनाभर आधी फळते. श्रावणघेवडा वेलाचा घ्या, बुटका नको. ४५ सेंटिमीटरच्या कुंडीत सहा वेल, आणि जागा वर जाते, बाजूला नाही. बटाट्याची हौस असेल तर ४० लिटरच्या पिशवीत तीन, मार्चअखेर, जूनमध्ये नव्या बटाट्याची एक भाजी आणि समाधान. भेंडी आणि गवार ह्यांवर मी सतरा वर्षं पैसे घालवले आहेत, तुम्ही घालवू नका.

दोन त्रास घरी जास्त होतात. एक, बिनशंखाच्या गोगलगायी. कुंपण, फरशीच्या फटी, कुंड्यांचे तळ म्हणजे त्यांची धर्मशाळा. पावसाच्या रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन बाहेर पडणं हाच मुख्य उपाय. शेडमध्ये मेटाल्डिहाइडच्या जुन्या निळ्या गोळ्यांचा डबा असेल तर तो वापरू नका, २०२२ च्या वसंतापासून त्यांच्यावर बंदी आहे. कौन्सिलच्या केंद्रात जमा करा. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. दुसरा त्रास पाण्याचा. जमिनीतल्या रोपाला दोन दिवस विसरलं तरी चालतं, डब्यातल्या टोमॅटोला जुलैत रोज दोन लिटर लागतात. दहा डबे म्हणजे वीस लिटर, म्हणजे २०० लिटरचं पिंप दहा दिवसांत रिकामं. सहा चौरस मीटरच्या शेडच्या छपरावरून १० मिलिमीटर पावसात ६० लिटर मिळतात, घराच्या पन्हळीला जोडलंत तर कितीतरी जास्त. दोन पिंपं घ्या. भारतात जाणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये कुणाला तरी चावी द्यावी लागेल, हे आत्ताच ठरवा.

आता सोडण्याचं. समितीचं ते पत्र मनाला लावून घेऊ नका. मी तशी शेकड्याने लिहिली आहेत, त्यात राग नसतो, प्रतीक्षायादी असते. ऑपरेशनचं कळवलंत तर बहुतेक समित्या एक हंगाम सांभाळून घेतात, आणि कधी पाव प्लॉटही देतात. पण बसने पाऊण तास जायचं असेल तर पाव प्लॉटही तितकाच लांब आहे. माझं मत सोडण्याच्या बाजूने. करारातली नोटिशीची मुदत वाचा आणि १ ऑक्टोबरच्या आत लेखी कळवा. भाडं एकदा भरलं की सहसा परत मिळत नाही. कायद्यातली बारा महिन्यांची नोटीस तुमच्यासाठी नाही, ती जागामालकाने तुम्हाला द्यायची असते. प्लॉट मैत्रिणीच्या नावावर करता येत नाही, तो यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. शेड ठेवायची की काढायची, हे समितीकडून लिहून घ्या.

झाडांचा पेच असा की सप्टेंबरअखेर सोडलंत तर रुबार्ब हलवायची वेळ आलेली नसते. तिचा गड्डा नोव्हेंबर ते मार्चमध्ये, झोपेत असताना काढायचा. समितीला आत्ताच विचारा, नोव्हेंबरात एक फेरी मारायला बहुतेक जण हो म्हणतात. माती पूर्ण धुऊन आणा आणि मोठ्या टबात लावा. देठांची आंबट आमटी अंबाडीची आठवण काढायला लावते, पानं मात्र विषारी, ती फेकायची. स्ट्रॉबेरीचे धावते फुटवे प्लॉट सोडण्याआधीच घ्या, नव्या कंपोस्टच्या कुंडीवर टेकवून मूळ धरू द्या. ब्लॅककरंटच्या पेन्सिलीएवढ्या काड्या पानगळीनंतर. रास्पबेरी आणि अस्पॅरॅगस नव्या माणसासाठी राहू द्या.

भाजीपेक्षा मला आठवण येते ती रविवारच्या चहाची. आमच्याकडे एक जुनी किटली होती, आणि कोण कोणाच्या वाफ्यात डोकावून काय बोललं ह्यावर तास जायचा. अंगणात तसं काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी अजून बियांच्या अदलाबदलीला जाते, सभासदत्व वेगळं घेता येतं. तुमच्या समितीलाही विचारून बघा.

आणि फरश्या उचलायला माणूस बोलावण्यापूर्वी एक करा. येत्या २२ सप्टेंबरला ढग नसतील तर दुपारी एक वाजता अंगणात जा. इथल्या उन्हाळी घड्याळाने तेव्हाच खरी मध्यान्ह असते. सावली जिथं संपते तिथं खडूने रेघ मारा. तुमची पागोळी मी धरली तेवढीच उंच आहे की नाही ते कळेल, आणि मार्चमध्ये ती सावली पुन्हा बरोबर त्याच रेघेवर येईल. वाफा शक्य तितका रेघेच्या पलीकडे.